गिटारला जागा : हिंगण्याच्या एका खोलीतल्या कॅसेटी आणि इक्वलायझरचा प्रवास

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याला, गल्लीतली पोरे लाकडी नंदी घेऊन दारोदार बोजारा मागत फिरत असताना, एक मुलगी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन माझ्या दारात उभी राहिली. तिच्या वडिलांची आणि माझी दोस्ती हिंगणा एमआयडीसीतली. १९९० च्या आसपास आम्ही दोघे एकाच शेडमध्ये, वेगवेगळ्या पाळ्यांत कामाला होतो. मी इलेक्ट्रिशियन, तो फिटर. तो गिटार वाजवायचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला. डब्यात अकरा कॅसेटी होत्या. बहुतेकांवर बॉलपेनने लिहिलेल्या तारखा, काहींवर तेही नाही.

"काका, यात बाबांची गिटार आहे असं आई म्हणते. पण ती ऐकूच येत नाही. तेवढी वर काढून द्या," ती म्हणाली.

हा लेख त्या 'तेवढी वर काढून द्या' मधून निघाला आहे. जुन्या कॅसेटी संगणकात उतरवण्याचा नाद मला बारा-तेरा वर्षांपासून आहे. शिक्षण आयटीआयपुरते. ध्वनिशास्त्राची पुस्तके चाळली ती रात्रपाळीत, आणि बरीचशी उलट्या क्रमाने, म्हणजे आधी चूक करून मग ती चूक कोणत्या प्रकरणात दिली आहे ते शोधत. त्यामुळे विषय मांडतानाही क्रम थोडा मागेपुढे होईल.

आधी ती खोली. आज हिंगणा मार्गावर मेट्रोची ॲक्वा लाइन लोकमान्यनगरपर्यंत धावते, २०२० पासून. आमच्या वेळी या रस्त्यावर सायकलींची रांग हाच पाळी बदलल्याचा भोंगा. खोली दहा फूट बाय बारा फूट. भाड्याची. विटांच्या भिंती, चुन्याचा हात दिलेला, खाली फरशी, एक लोखंडी पलंग. एका डेकचा मोनो टेपरेकॉर्डर स्टुलावर ठेवायचा आणि त्याच्या भोवती बसायचे. हार्मोनियम, ढोलक, गिटार आणि गाणारा. गणपतीत मंडळाचा कार्यक्रम, एप्रिलमध्ये भीमजयंतीचा, मधल्या काळात कुणाच्या लग्नातली ऑर्केस्ट्राची सुपारी. कॅसेट भरायची ती तालीम कशी झाली ते ऐकायला. 'ध्वनिमुद्रण' हा शब्द आमच्या तोंडात नव्हता. आम्ही 'कॅसेट भरणे' म्हणायचो, जसे पाणी भरतात तसे.

पहिली कॅसेट लावली आणि मुलगी म्हणत होती ते खरे निघाले. गाणारा ऐकू येतो, ढोलक तर नको इतका ऐकू येतो, हार्मोनियमही आहे. गिटारच्या ठिकाणी मात्र रांजणात कुणीतरी हुंकार भरावा तसा एक घुमणारा आवाज. मला आठवले, त्याच काळात आमचा गाणारा त्याला चिडवायचा, "गिटार वाजवते का मडकं वाजवते बे?" म्हणजे ही तक्रार तेव्हापासूनची.

यावरचा उपाय म्हणून आजचा कोणीही पोरगा एक शब्द सांगेल : ईक्यू मार. ईक्यू म्हणजे इक्वलायझर. आवाजातले खालचे, मधले, वरचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करण्याचे साधन. पण या शब्दाचा अर्थ 'समान करणारा' असा आहे, आणि 'गिटार वर काढणे' यात समान करण्यासारखे काय आहे, हा प्रश्न मला काही सोडेना. समान कशाच्या?

उत्तर टेलिफोनच्या तारेत सापडते. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथली टेलिफोन केंद्रे १८८२ ची. गावातल्या गावात तार चालून जाई; लांब पल्ल्याला मात्र आवाज नुसता बारीक होत नसे, तो बदलत असे. तारेची लांबी वाढली, विशेषतः ती केबलमधून नेली, की उंच स्वर आधी मरतात आणि खालचे उरतात. 'स' आणि 'श' हरवतात, 'ब' आणि 'म' उरतात. ऑलिव्हर हेव्हिसाइडने याचे गणित १८८७ च्या सुमारास मांडले. त्यावर आधी तारेत मध्ये मध्ये वेटोळी बसवणे हा तोडगा निघाला आणि पुढे तारेच्या टोकाला अशी मंडले बसवू लागले, जी वाटेत जे जास्त गळाले ते तेवढेच उचलून देत. म्हणजे समान कशाच्या, तर बोलणाऱ्याच्या तोंडातून जे निघाले त्याच्या. इक्वलायझर हा मुळात नुकसानभरपाईचा हिशेब होता. त्यात आवडीनिवडीला जागा नव्हती.

तबकड्यांच्या बाबतीत हाच हिशेब उलट बाजूने आला. १९०२ साली गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले ते भोंग्यापुढे, विजेविना. भोंग्याला जे झेपे तेच मेणावर उतरे. ज्या गायकांना हा प्रकार रुचला नाही त्यांचे काहीच उरले नाही. भास्करबुवा बखल्यांचा आवाज आपण ऐकू शकत नाही. १९२५ मध्ये विजेवरचे मुद्रण आले, मायक्रोफोन आला. तबकडीवर खालचे स्वर कोरायला सुईला फार रुंद हेलकावा लागतो, खाच शेजारच्या खाचेत शिरते; म्हणून कोरतानाच खालचे स्वर दाबायचे आणि वाजवताना तेवढेच उचलायचे, अशी रीत पडली. पुढे कोरताना उंच स्वर मुद्दाम वाढवू लागले, म्हणजे वाजवताना ते खाली आणले की त्याबरोबर सुईची खरखरही खाली येते. किती दाबायचे, किती वाढवायचे हे ज्या त्या कंपनीचे गुपित. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या कंपन्यांच्या संघटनेने एक वक्र ठरवला आणि हळूहळू सगळ्या जगाने तो घेतला.

इथे थोडे विषयांतर, पण ते मला महत्त्वाचे वाटते. १९३० च्या आगेमागेची नाट्यगीतांची तबकडी आजच्या यंत्रावर, १९५४ च्या वक्राने वाजवली, तर जे उंच स्वर मुळात वाढवलेलेच नव्हते ते यंत्र इमानाने कमी करते, आणि खालचे गरजेपेक्षा जास्त उचलते. गायक घोंगडी पांघरून गातो आहे असे वाटते. मी ऐकलेल्या कितीतरी संग्रहांत हे झाले आहे. ऐकणारा म्हणतो, "जुनं रेकॉर्डिंग आहे, चालायचंच." चालायचंच कसे? दोष तबकडीचा नाही, उतरवणाऱ्याचा आहे. ही चूक मी दुसऱ्यांच्या नावावर इतक्या तावातावाने मोजत होतो की माझ्या घरात तीच होते आहे हे मला दिसले नाही. ते पुढे येईल.

इक्वलायझरचा दुसरा जन्म घराघरातल्या दोन बटणांत झाला. पीटर बॅक्सँडल या इंग्रज अभियंत्याने ऑक्टोबर १९५२ च्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात एक मंडल छापले. एक बटण खालच्या स्वरांचे, एक वरच्यांचे; दोन्ही मधोमध असली की आवाज जसाच्या तसा. आपल्या सत्यनारायणापासून ऑर्केस्ट्रापर्यंतच्या सगळ्या ॲम्प्लिफायरांवर बास आणि ट्रेबल म्हणून जी बटणे होती, त्यांतल्या बहुतेकांचे कूळ याच मंडलात आहे. मी स्वतः कितीतरी दुरुस्त केली, आणि कूळ कळले पन्नाशीत. या बटणांनी हिशेबाच्या साधनाला आवडीचे साधन केले. आता समान कशाच्या हे कोणी विचारत नव्हते. आवडेल तितके फिरवा.

आमच्या आवडी कुठून आल्या, हाही इतिहासाचा भाग आहे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले, विविध भारती १९५७ मध्ये. आमच्या पिढीने गाणे ऐकले ते मीडियम वेव्हवर. तिथे दोन केंद्रांमध्ये अंतरच ९ किलोहर्ट्‌झ. सेटमधून चार-साडेचार हजार हर्ट्‌झच्या वर फारसे काही येत नसे. गिटारच्या तारेवर नखी घासल्याचा आवाज, झांजेची झळाळी, यांतले पुष्कळसे त्याच्या वर. म्हणजे गिटार ही आम्ही रेडिओवर अर्धीच ऐकलेली होती. मग १९८० नंतर टेप डेक आले आणि त्यांच्यावर पाच सरकत्या पट्ट्यांचा इक्वलायझर आला : १००, ३३०, १०००, ३३०० आणि १०,००० हर्ट्‌झ. कॅसेट भरून देणाऱ्या दुकानापासून ते मित्राच्या घरापर्यंत मी त्या पट्ट्या एकाच आकारात पाहिल्या आहेत : दोन्ही टोके वर, मधले खाली, होडीसारखे. याला शास्त्रही आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले की आवाज हळू असेल तर कानाला खालचे आणि फार वरचे स्वर मधल्यांपेक्षा कमी ऐकू येतात. होडी केली की हळू आवाजातही भरल्यासारखे वाटते. पण गिटार राहते नेमकी होडीच्या तळाशी. आम्ही तिला पाण्यात बुडवून वर 'गिटार ऐकू येत नाही' म्हणत होतो.

आता गिटारचे थोडे. नेहमीच्या जुळवणीत तिची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्‌झला बोलते, सर्वांत बारीक मोकळी तार ३३० ला. पुरुष गायकाची काळी एक, म्हणजे त्याचा षड्ज, १३९ च्या आसपास. म्हणजे गाणारा आणि गिटारच्या मोकळ्या तारा एकाच वाड्यात राहतात. हार्मोनियमही त्याच वाड्यात. शिवाय गिटारच्या पोटातली हवा १०० हर्ट्‌झच्या आसपास आपणहून घुमते आणि वरची फळी २०० च्या आसपास. आता आमची खोली पाहा. तिशीच्या उष्णतेला हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो. दहा फुटी भिंतींच्या मधे ५७ हर्ट्‌झला आणि बारा फुटींच्या मधे ४८ ला खोली घुमणार; त्यांच्या दुपटी ११४ आणि ९५. गिटारचे पोट नेमके या दोघांच्या मधे. खोलीत पलंगावरची गादी सोडली तर आवाज शोषेल असे काही नाही. गिटारचे मडके कुणी केले होते ते कागदावर दहा मिनिटांत कळले.

म्हणून मिश्रण करणारे लोक गिटारच्या बाबतीत उचलण्याआधी कापतात. माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे, वानाडोंगरीला अभियांत्रिकी शिकतो, खोलीवर लॅपटॉप आणि एका मायक्रोफोनवर गाणी करतो. त्याने मला दाखवले. गिटार वेगळ्या पट्टीवर, आवाज वेगळ्या पट्टीवर. गिटारवर ९० च्या खालचे सगळे छाटलेले, २०० ते ४०० मध्ये एक उथळ खळगा, आणि अडीच-तीन हजारांच्या जवळ, जिथे गाणाऱ्याची व्यंजने कळतात, तिथे अगदी हलकासा दुसरा खळगा. नुसती गिटार लावली तर पत्र्यासारखी बारीक. मी म्हटले, "हे काय केलंस?" त्याने गाणाऱ्याचा आवाज सुरू केला. गिटार लगेच भरली. तिच्यात जे नव्हते ते गाणाऱ्याच्या गळ्याने पुरवले आणि कान दोन्ही मिळून एकच ऐकत होता. हा इक्वलायझरचा तिसरा जन्म : भरपाई नाही, आवड नाही, शेजाऱ्याला जागा करून देणे.

हे करायला वाद्ये वेगवेगळ्या पट्टीवर असावी लागतात. मोठ्या स्टुडिओत तशी सोय आधीच आली होती. घरात ती आली १९७९ मध्ये, जपानच्या टीॲक कंपनीच्या चार पट्ट्यांच्या कॅसेट-यंत्राने. कुठल्या वारंवारतेवर, किती रुंद आणि किती खोल हे तिन्ही हवे तसे ठरवता येईल अशा इक्वलायझरवर जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ मध्ये निबंध वाचला होता. आज फुकट मिळणाऱ्या आज्ञावलीतही तो असतो. मी वापरतो ती ऑडॅसिटी २००० सालापासून फुकट आहे. हिंगण्याच्या आमच्या खोलीत यातले काही नव्हते. एक यंत्र, एक मायक्रोफोन, एक पट्टी. त्या फितीवर गिटार वेगळी नाहीच, जशी दूध घातलेल्या चहातून साखर वेगळी नसते. हल्ली वाद्ये वेगळी करून देणाऱ्या आज्ञावली आहेत. एक वापरून पाहिली; तिने गिटारबरोबर हार्मोनियमचे अर्धे अंग तोडून आणले. ठेवून दिली.

मोठ्या स्टुडिओचा विषय निघाला म्हणून एक नाव घेतलेच पाहिजे. जी. एन. जोशी हे विदर्भातून मुंबईला गेलेले वकील. ना. घ. देशपांडे यांच्या 'शीळ'ची त्यांनी गायलेली तबकडी भावगीताच्या आरंभी मोजली जाते. नंतर ते एचएमव्हीत मुद्रणाच्या कामावर गेले. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी त्यांच्या देखरेखीखाली झाली : शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, माणिकराव पोपटकरांचा तबला आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. गिटार या देशात राग वाजवू शकते हे सामान्य श्रोत्याला त्या तबकडीने पटवले. ती ऐकताना मी कान देऊन पाहिले : तिथे जागा करून देण्याचे काम आधी रचनेने केले आहे. वाद्ये बहुतेक वेळ एकमेकांना वाट देतात. एक बोलत असताना दुसरे थांबते किंवा हळूच मागे राहते. तंत्रज्ञाला भांडण सोडवावे लागत नाही, कारण भांडणच नाही. आमच्याकडे चौघेही एकदम आणि सगळे पुढे.

आता माझी चूक. दोन आठवडे मी त्या पहिल्या कॅसेटवर इक्वलायझर चालवला. खालचे कापले, मधले कापले, तीन हजारांपासून आठ हजारांपर्यंत चढ दिला. घुमणे कमी झाले, पण गिटारची तार काही बोलेना. वर आली ती फक्त फितीची सरसर. चढ वाढवला, सरसर वाढली. मुलीचा एकदा फोन आला, मी "होत आहे" म्हटले.

मग एका रात्री पडद्यावर ढोलकची एक थाप खूप मोठी करून पाहिली. मोनो यंत्रावर भरलेली कॅसेट माझ्या स्टिरिओ डेकवर वाजवली तर डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी असायला हवी. नव्हती. उजवी थाप डावीच्या जरासी मागे होती. इतक्या वर्षांत हे मी पाहिले नव्हते याची लाज वाटली, कारण ही गोष्ट दुरुस्तीवाल्या कोणालाही माहीत असते : हेड तिरके आहे. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर जाते. दहा हजार हर्ट्‌झची एक लाट तिच्यावर पाच सहस्रांश मिलिमीटरपेक्षाही कमी जागेत मावते, केसाच्या जाडीच्या पंधराव्या हिश्श्याएवढी. ज्या कोनात ती लिहिली त्याच कोनात वाचली नाही तर उंच स्वर एकमेकांना खोडतात. तिरके माझे हेड नव्हते; त्या खोलीतल्या यंत्राचे तेव्हाच तिरके होते. त्या यंत्रावर ते बरोबर वाजले असते. मी आपल्या सरळ हेडने त्याचे तिरके अक्षर वाचत होतो.

हेडशेजारचा बारीक स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी फिरवला. पडद्यावरच्या दोन थापा एकमेकींवर बसल्या. आणि नखीचा आवाज आला. एकेक तार सुटी, डावा हात पडद्यांवरून सरकल्याची चीं सुद्धा. इक्वलायझर तेव्हा पूर्ण बंद होता. जे गेले असे समजून मी दोन आठवडे नकली भरपाई देत होतो ते फितीवर चौतीस वर्षे जसेच्या तसे होते. तबकड्या उतरवणाऱ्यांवर मी वर जे ताशेरे ओढले आहेत ते वाचकांनी आता माझ्याही नावावर लिहावेत.

दुसरी चूक लहान, पण तिने जास्त शिकवले. टेपरेकॉर्डर विजेवर चालत असल्याने फितीवर गुणगुण होती. आपल्या विजेची वारंवारता ५०, तिच्या दुपटीची गुणगुण १०० ची. माझ्याकडे ती १०३ वर दिसत होती. मी एक अरुंद, खोल खाच पाडून ती काढली. गुणगुण गेली आणि तिच्याबरोबर काही जागी गिटारचा पायाही गेला. जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा स्वर ९८ ला असतो. तिच्या बापाचा तो आवडता मंद्र स्वर, ज्यावर तो परत परत येऊन बसायचा. गुणगुण आणि तो, दोघांत दोन हर्ट्‌झचे अंतर. मी दोघांनाही एकाच फटक्यात हाकलले होते.

खाच बुजवली, तेव्हा डोक्यात आले : १०० ची गुणगुण १०३ वर का? म्हणजे भरणाऱ्या यंत्राची गती माझ्या डेकपेक्षा तीन टक्क्यांनी कमी असणार, आणि आता सगळेच अर्ध्या श्रुतीपेक्षा जास्त, जवळपास पाव स्वर चढून वाजते आहे. ज्याला मी घाण समजून धुऊन काढत होतो ती घड्याळ निघाली. कोराडीच्या विजेने त्या रात्री फितीवर वेळेची नोंद करून ठेवली होती. नोंद पक्की नाही. त्या काळी विजेच्या जाळ्याची वारंवारता एखाद्या हर्ट्‌झने सहज इकडेतिकडे होई, म्हणजे दोन टक्क्यांची चूक शक्य. म्हणून दुसरा साक्षीदार घेतला. ती हार्मोनियम अजून आमच्या गाणाऱ्याच्या घरी आहे. काळी एक दाबून मुद्रित केली आणि ताडून पाहिली. दोन्ही साक्षी एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की मी गती तीन टक्क्यांनी उतरवली. दोन गाण्यांच्या मधे तो बोलतो, "थांब बे, पंखा बंद कर." आधी ते बोलणे कुणा पोराचे वाटायचे. आता ते त्याचे झाले. पंखा कोणी बंद केला नाही, मे महिना असावा. सगळे गप्प झाले की यंत्र आपोआप आवाज चढवते आणि पंखा वादळासारखा जवळ येतो. ढोलक सुरू झाली की पळतो.

तिसरी गोष्ट चूक होता होता राहिली. चौथ्या कॅसेटवर एक गाणे आहे, त्यात मुखड्याला गिटार भरदार आणि अंतऱ्याला एकदम बारीक. मुखडा परत आला की परत भरदार. मला वाटले फितीला सुरकुती असेल. अंतऱ्याच्या तेवढ्या भागाला २०० च्या आसपास चढ देऊन मी दोन्ही सारखे केले. गाणारा लगेच दबला. चढ काढला, तो मोकळा झाला. तीनही अंतऱ्यांना तसेच. सुरकुती तीनदा बरोबर अंतऱ्याला पडत नाही.

तार कुठे छेडली यावर तिच्यातले कोणते उपस्वर बोलतील हे ठरते. मधोमध छेडली तर गोल, घोडीजवळ छेडली तर बारीक आणि टोकदार. ज्या बिंदूवर छेडले तिथे ज्या उपस्वराची गाठ आहे तो बोलत नाही, हा जुना नियम. चंद्रशेखर वेंकट रामन हिशेबखात्यात नोकरीला असताना काही काळ नागपुरात होते. पुढे १९२१ मध्ये त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना दाखवले की तंबोऱ्याची रुंद, वक्र घोडी हा नियम मोडते, आणि मेलेले उपस्वरही परत जिवंत होतात. आपण त्याला जवारी म्हणतो. मिरजेचा कारागीर कानस आणि सुताचा दोरा घेऊन जे करतो ते, माझ्या मते, आपल्याकडचे सर्वांत जुने इक्वलायझर. गिटारला जवारी नाही. तिची घोडी अरुंद, तिथे नियम चालतो. तिथे उजवा हात हेच बटण.

म्हणजे अंतरा आला की तो हात घोडीकडे सरकवत होता. गाणारा अंतऱ्यात खाली येऊन शब्द मोकळे गायचा. हा तेवढा काळ आपले पोट बाजूला काढून घ्यायचा. वानाडोंगरीच्या मुलाने पडद्यावर २०० ते ४०० मध्ये काढलेला खळगा तो हाताने काढत होता. त्याला ही आकडेमोड माहीत असण्याचा प्रश्न नव्हता. आणि आम्ही त्याला म्हणायचो, "अंतऱ्यात हळू काऊन होते तू? जोरात मार ना." मीही म्हणालो आहे. एका कॅसेटवर माझाच आवाज आहे तसे म्हणताना.

शेवटी मी किती ईक्यू लावला ते सांगून टाकतो. ६० च्या खालचे काढले. २०० च्या जवळ एक रुंद, तीन डेसिबलचा उतार, खोलीच्या नावाने. बाकी काही नाही. त्याशिवाय जशीच्या तशी उतरवलेली दुसरी प्रत, इक्वलायझर न लावता, गती न बदलता, वेगळ्या फोल्डरमध्ये. कारण उद्या माझ्यापेक्षा शहाणा कुणी भेटला तर त्याला माझी चूक सोलून काढावी लागू नये.

दिवाळीच्या आधी मुलगी पेन ड्राइव्ह न्यायला आली. चौथ्या कॅसेटचे ते गाणे मी तिला लावून दिले, हेडफोनवर, काही न सांगता. पहिला अंतरा सुरू झाल्यावर तिने उजवा हात मांडीवरून थोडा मागे सरकवला. बहुधा तिलाही कळले नसेल. गाणे संपल्यावर ती म्हणाली, "आई म्हणायला लागली की बाबा असंच करायचे." मग तिने हेडफोन परत लावला आणि विचारले, "ते 'जोरात मार' कोण म्हणतंय?"

अकरापैकी दहा झाल्या आहेत. सातवीची फीत आतल्या आत तुटून रिळावर गेली आहे. कवच रिबीट केलेले आहे, स्क्रूचे नाही, त्यामुळे ते कापून फीत दुसऱ्या कवचात घालावी लागेल. तिच्यावर तारीख नाही. नुसते 'तालीम' लिहिले आहे.